मूकपटाची मोहिनी : हरवलेली आणि घडवलेली

१

मे २०११ मध्ये कान येथील चित्रपट महोत्सवात काही दिवसांच्या अंतराने दोन चित्रपट दाखवले गेले. पहिला जॉर्ज मेलिएस याचा १९०२ सालचा ‘चंद्रावरील सफर’. त्याची हाताने रंगवलेली एक प्रत १९९३ मध्ये बार्सिलोना येथे उजेडात आली होती. दीर्घ परिश्रमांनंतर तिचा जीर्णोद्धार पूर्ण झाला आणि महोत्सवाच्या उद्‌घाटनाच्या दिवशी ती पडद्यावर आली. दुसरा चित्रपट मिशेल हाझानाविशियस याचा ‘द आर्टिस्ट’. तो नवा, कृष्णधवल आणि जवळजवळ संपूर्णपणे संवादरहित होता. शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा खरा मूकपट रंग घेऊन आला आणि त्याच वर्षी निर्माण झालेला ‘मूकपट’ रंग टाकून आला. पुढे फेब्रुवारी २०१२ मध्ये ‘द आर्टिस्ट’ला सर्वोत्कृष्ट चित्रपटासह पाच ऑस्कर पुरस्कार मिळाले आणि मूकपटाच्या चिरंतन मोहिनीविषयी बरेच लिहिले गेले. या मोहिनीचा विषय नेमका कोणता, हा प्रश्न मात्र त्या लेखनात क्वचितच उपस्थित झाला.

मूकपट म्हणताच आधुनिक प्रेक्षकाच्या मनासमोर जी प्रतिमा उभी राहते तिचे घटक ठरलेले आहेत : काळे-पांढरे चित्र, किंचित घाईची हालचाल, मधूनमधून येणाऱ्या अक्षरपाट्या, पार्श्वभागी पियानो आणि या सर्वांवर पसरलेली शांतता. हे घटक एकत्रितपणे मूकपटाच्या काळात फारसे नव्हते. त्यांतील काही नंतरच्या नामकरणाने निर्माण झाले, काही प्रती काढण्याच्या पद्धतीने, तर काही नाशातून जे वाचले त्याच्या अपुरेपणाने. आधुनिक चित्रपट ज्या मूकपटाकडे पुनःपुन्हा वळतो तो अशा रीतीने इतिहासाने मागाहून घडवलेला एक रूपबंध आहे. त्यामुळे त्याची मोहिनी खोटी ठरत नाही, परंतु तिचे स्वरूप बदलते. भारतीय, आणि विशेषतः मराठी, चित्रपटाच्या संदर्भात तर हा प्रश्न अधिक बिकट होतो. येथे मोहिनी जडावी असे मूळ चित्रच बहुतांशी नष्ट झालेले आहे.

२

प्रथम नावाचा विचार करणे आवश्यक ठरते. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला तेव्हा त्याला ‘मूकपट’ म्हणण्याचे कोणालाच कारण नव्हते. दादासाहेब फाळके यांनी १९१७-१८ मध्ये ‘नवयुग’ मासिकात आपल्या अनुभवांवर जी लेखमाला लिहिली तिचे शीर्षक ‘भारतीय चित्रपट’ असे होते. ज्याला बोलता येण्याची शक्यताच अजून उद्भवलेली नाही त्याला मुके म्हणता येत नाही. १४ मार्च १९३१ रोजी मुंबईत ‘आलम आरा’ प्रदर्शित झाला, पुढच्या वर्षी प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलू लागला, आणि त्याबरोबर मागील अठरा वर्षांच्या चित्रपटांना एक उणीव दाखवणारे नाव मिळाले. ‘बोलपट’ हा शब्द रुळला तसा ‘मूकपट’ हाही रुळला. जी गोष्ट तोवर चित्रपटाची स्वाभाविक अवस्था होती ती आता अभावाच्या भाषेत सांगितली जाऊ लागली.

हे नाव आणखी एका अर्थाने दिशाभूल करणारे आहे. फ्रेंच अभ्यासक मिशेल शिओं याने चित्रपटातील आवाजाविषयीच्या आपल्या १९८२ च्या ग्रंथात असे सुचवले आहे की, या चित्रपटाला मुका म्हणण्यापेक्षा बहिरा म्हणणे अधिक योग्य होईल. पडद्यावरील पात्रे सतत बोलत असतात. त्यांचे ओठ हलतात, ती ओरडतात, गातात, कुजबुजतात. प्रेक्षकाला मात्र ते ऐकू येत नाही. शांतता कथेच्या जगात नसते, ती कथेचे जग आणि प्रेक्षागृह यांच्या दरम्यान असते. फाळक्यांचा हरिश्चंद्र विश्वामित्राला राज्याचे दान देतो तेव्हा तो गप्प नसतो. त्याचे वचन पडद्यापर्यंत येऊन थांबते आणि तेथून पुढे प्रेक्षकाला ते स्वतःच्या स्मृतीतून पुरवावे लागते. प्रेक्षकाला ते पुरवता येत असे, कारण कथा त्याला आधीच पाठ होती. पौराणिक विषयांची निवड केवळ भक्तिभावाने झाली असे मानणे म्हणूनच अपुरे ठरते. न ऐकू येणाऱ्या शब्दांची भरपाई करण्याची सोय त्या निवडीत होती. फाळक्यांनी स्वतःच नमूद केले आहे की, ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट पाहताना त्यांच्या मनश्चक्षूंपुढे राम-कृष्णाची चित्रे उभी राहत होती. शब्दांचा आग्रह नसलेल्या प्रतिमेतच अशी अदलाबदल इतक्या सहजतेने संभवते.

प्रत्यक्ष प्रेक्षागृह तर कधीच शांत नव्हते. पाश्चात्त्य देशांत पियानोपासून पूर्ण वाद्यवृंदापर्यंतची साथ असे. जपानमध्ये पडद्याशेजारी बसून कथा सांगणारा ‘बेन्शी’ हा कलावंत काही वेळा नटांपेक्षाही लोकप्रिय असे. भारतात हार्मोनियम आणि तबला यांची साथ असे. अक्षरपाट्या वाचता न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी त्या मोठ्याने वाचून दाखवल्या जात. महाराष्ट्रात या व्यवहाराची पूर्वपीठिका चित्रपटाहून जुनी आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी एकामागून एक चित्र पुढे करीत रामायण-महाभारतातील आख्याने गाऊन सांगत. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरील रंगीत चित्रांचे जे प्रक्षेपण लोकप्रिय केले, त्यालाही निवेदन आणि गाणी यांची जोड होती. पडद्यावर चित्र आणि शेजारी आवाज हा संकेत अशा रीतीने मराठी प्रेक्षकाच्या परिचयाचा होता. या परंपरेत ‘राजा हरिश्चंद्र’ ठेवून पाहिला तर तो मुका राहत नाही. त्याचा आवाज पडद्याबाहेर होता आणि तो जपून ठेवण्याचे कोणतेही साधन त्या काळी नव्हते, एवढेच म्हणता येते.

३

नावाची जी कथा तीच रंगाची. मूकपटाच्या काळातील बहुसंख्य चित्रपट युरोप-अमेरिकेत निव्वळ काळ्या-पांढऱ्या रूपात दाखवले जात नसत. रात्रीच्या दृश्यांची फीत निळ्या रंगात बुडवली जाई, दिव्याच्या उजेडातील दृश्ये पिवळसर केली जात, आगीची दृश्ये तांबडी होत. काही वेळा फितीवरील चांदीच्या जागी रंगीत क्षार आणून गडद भागच रंगवले जात, तर काही वेळा मेलिएसच्या चित्रपटांप्रमाणे एकेक चौकट हाताने रंगवली जाई. या फिती नायट्रेटच्या असत आणि नायट्रेट अत्यंत ज्वालाग्राही असते. पुढील काळात संग्रहालयांनी त्यांच्या सुरक्षित फितींवर प्रती काढल्या त्या बहुधा कृष्णधवल फितींवर, कारण त्या स्वस्त आणि टिकाऊ होत्या. चित्र वाचले, रंग गेला. त्यानंतरच्या पिढ्यांनी ज्या प्रती पाहिल्या त्या या दुसऱ्या जन्मातील होत्या. एका संग्रहव्यवहाराचा परिणाम एका युगाची शैली म्हणून ओळखला जाऊ लागला.

गतीविषयीही असेच घडले. तेव्हाचे कॅमेरे हाताने फिरवले जात. चित्रणाची गती छायालेखकाच्या हातावर आणि प्रक्षेपणाची गती यंत्रचालकाच्या निर्णयावर अवलंबून असे. ध्वनीच्या आगमनानंतर सेकंदाला चोवीस चौकटी ही गती निश्चित झाली, आणि कमी गतीने चित्रित झालेले जुने चित्रपट या नव्या गतीने दाखवले जाऊ लागताच त्यांतील माणसे उगाच धावू लागली. मूकपटातील माणूस मुळातच हास्यास्पद असतो हा समज या यांत्रिक विसंगतीतून पुष्कळ अंशी बळावला. ‘द आर्टिस्ट’चे चित्रण सेकंदाला बावीस चौकटींच्या गतीने केले गेले, ते त्याला ही किंचित घाई लाभावी म्हणून. शिवाय तो रंगीत फितीवर चित्रित करून नंतर कृष्णधवल केला गेला. मूळ काळात जो दोष नव्हता आणि मागाहून जो दोष म्हणून चिकटला, तो येथे शैलीचे चिन्ह म्हणून जाणीवपूर्वक पुन्हा निर्माण करण्यात आला आहे.

याचा अर्थ त्या काळातील कृष्णधवल प्रतिमेचे स्वतःचे असे सौंदर्य नव्हते असा नाही. त्या काळी प्रचलित असलेल्या ऑर्थोक्रोमॅटिक फितीला तांबडा रंग दिसत नसे आणि निळा रंग फार उजळ दिसे. त्यामुळे ओठ काळे पडत आणि आकाश पांढरे होई. नटांचा भडक रंगलेप, डोळ्यांभोवतीचा गडदपणा, चेहऱ्याला येणारी मुखवट्याची कळा यांचे एक कारण या रसायनात आहे. १९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात पँक्रोमॅटिक फीत रूढ झाली आणि चेहऱ्यावरील मधल्या छटा दिसू लागल्या. मूकपटाच्या अखेरच्या वर्षांतील छायालेखनाची श्रीमंती या बदलाशी निगडित आहे. मूकपटाचे असे एकच एक रूप नव्हते, अवघ्या तीन दशकांत त्याची अनेक रूपे होऊन गेली, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

४

असे असूनही मूकपटाचा जो रूपबंध मागाहून घडला त्याच्या ठायी कलात्मक सामर्थ्य आहे, आणि त्याची उपपत्ती मूकपटाच्या काळातच मांडली जाऊ लागली होती. बेला बालाझ याने १९२४ मध्ये असे प्रतिपादन केले की, छापील शब्दाच्या साम्राज्यात अदृश्य झालेला माणूस चित्रपटाने पुन्हा दृश्य केला. चेहरा हीच एक भाषा झाली. रुडॉल्फ आर्नहाइम याने १९३२ मध्ये, म्हणजे बोलपटाचा विजय झाल्यानंतर, आणखी पुढचे पाऊल टाकले. त्याच्या मते चित्रपट कला ठरतो तो त्याच्या उणिवांमुळे. रंग नाही, आवाज नाही, खोली नाही, चौकटीला मर्यादा आहे, म्हणूनच वास्तवाची नक्कल न होता त्याची पुनर्रचना होते. या भूमिकेत अतिरेक आहे हे उघड आहे, कारण त्याच न्यायाने ध्वनी ही कलेची हानीच ठरते. परंतु तिच्यातील एक सूत्र टिकून राहिले : अभाव ही अर्थनिर्मितीची जागा होऊ शकते.

१९२७ नंतर या सूत्राला नवा संदर्भ लाभला. तोवर मौन ही परिस्थिती होती, आता ती निवड झाली. निवड झालेल्या मौनाला नेहमीच काहीतरी सांगायचे असते. चॅप्लिनचा ‘सिटी लाइट्स’ (१९३१) आरंभीच प्रतिष्ठितांच्या भाषणांच्या जागी अर्थहीन चिरके आवाज ठेवतो, तर ‘मॉडर्न टाइम्स’ (१९३६) मध्ये माणसाचा बोलका आवाज मुख्यतः यंत्रांतून येतो आणि नायक अखेरीस गातो तेही कोणत्याच भाषेत नसलेले गाणे. ज्या कलाकृती रूढ अर्थाने मूकपटाच्या परंपरेतील शेवटच्या मानल्या जातात, त्या वस्तुतः बोलपटाच्या युगातील पहिल्या टीका आहेत. बोलपटातच मौनाचा शोध लागला, या आशयाचे रॉबेर ब्रेसाँ याचे निरीक्षण या संदर्भात मार्मिक ठरते. जेथे आवाज शक्य आहे तेथेच आवाजाचे नसणे ऐकू येते.

यापुढील काळात या निवडीची तीन रूपे स्थूलमानाने दिसतात. पहिले रूप विलापाचे. बिली वाइल्डरच्या ‘सनसेट बुलेव्हार्ड’ (१९५०) मध्ये विस्मृतीत गेलेल्या नटीची भूमिका मूकपटाच्या युगातील ग्लोरिया स्वॉन्सन हिनेच केली, आणि ती आपल्या घरात जो जुना चित्रपट पाहते तो ‘क्वीन केली’ हा स्वॉन्सनचाच, एरिक फॉन स्ट्रोहाइम याने दिग्दर्शित केलेला अपुरा चित्रपट होता. स्ट्रोहाइम या चित्रपटात तिचा सेवक म्हणून वावरतो. मूकपट येथे एक बंद वाडा आहे, आणि बोलका निवेदक त्या वाड्यात मरतो. दुसरे रूप क्रीडेचे. मेल ब्रुक्सच्या ‘सायलेंट मूव्ही’ (१९७६) मध्ये एकच उच्चारित शब्द आहे आणि तो मूकाभिनयाचा जगप्रसिद्ध कलावंत मार्सेल मार्सो याच्या तोंडी दिलेला आहे. तिसरे रूप अधिक गंभीर आहे. तेथे मौन हे सामाजिक संबंधांचे विधान बनते. सत्यजित राय यांचा ‘टू’ (१९६४) हा छोटा कृष्णधवल चित्रपट या संदर्भात उल्लेखनीय होय. बंगल्याच्या खिडकीतील श्रीमंत मुलगा आणि बाहेरच्या झोपडीतील गरीब मुलगा आपापली खेळणी एकमेकांना दाखवत झुंजतात. एकही संवाद नाही, परंतु ध्वनी आहेत, आणि अखेर उरतो तो गरीब मुलाच्या बासरीचा सूर. दोघांमध्ये भाषा नाही याचे कारण चित्रपटाची तांत्रिक मर्यादा हे नव्हे. त्यांच्यामध्ये वर्ग उभा आहे.

सिंगीतम श्रीनिवास राव यांचा ‘पुष्पक’ (१९८७) हाही याच परंपरेतील, मात्र तो रंगीत आहे आणि त्यात शहराचे सर्व आवाज ऐकू येतात. बेकार तरुणाची ही कथा कोणत्याही एका भाषेत नसल्यामुळे देशभर अनुवादाशिवाय पोचली. मूकपटाच्या काळात भारतीय चित्रपटाला जे सहज लाभले होते आणि बोलपटाने जे हिरावून घेतले, ते भाषिक सीमा ओलांडण्याचे स्वातंत्र्य येथे काही काळापुरते परत मिळाले. तमिळमध्ये या चित्रपटाचे नाव ‘पेसुम पडम’ म्हणजे ‘बोलणारे चित्र’ असे ठेवण्यात आले होते. त्यातील विनोद बाजूला ठेवला तरी ‘मूक’ आणि ‘बोलका’ या विशेषणांची सापेक्षता त्यातून नेमकी व्यक्त होते.

शतक पालटताना ही निवड अधिक आत्मसजग झाली. आकी कौरिस्माकी याने ‘युहा’ (१९९९) मध्ये युहानी आहो याची १९११ सालची कादंबरी कृष्णधवल आणि संवादरहित रूपात आणली. याच कादंबरीवर मॉरिट्झ स्टिलर याने १९२१ मध्ये चित्रपट केला होता. गाय मॅडिन याने ‘ब्रँड अपॉन द ब्रेन!’ (२००६) च्या काही खेळांना वाद्यवृंद, ध्वनिपरिणाम करणारे कलावंत आणि निवेदक प्रत्यक्ष उपस्थित ठेवले. मूकपटाची प्रतिमा न उचलता त्याचा प्रयोग उचलणारा हा विरळा प्रयत्न होय. पाब्लो बर्गरच्या ‘ब्लांकानिएवेस’ (२०१२) मध्ये हिमगौरीची कथा १९२० च्या दशकातील स्पेनमधील बैलझुंजींच्या जगात नेण्यात आली.

या पार्श्वभूमीवर ‘द आर्टिस्ट’कडे पाहिले असता त्यातील एक प्रसंग निर्णायक वाटतो. बोलपटाच्या आगमनाने हादरलेला नायक स्वप्नात पेला टेबलावर ठेवतो आणि त्याचा आवाज होतो. मग कुत्र्याचा, टेलिफोनचा, रस्त्यावरून हसत जाणाऱ्या मुलींचा आवाज येतो. त्याला स्वतःला मात्र आवाज फुटत नाही. येथे मौन कथेच्या जगात शिरले आहे. १९२७ चा खरा नट कधीच मुका नव्हता, फक्त त्याचे बोलणे प्रेक्षकापर्यंत पोचत नव्हते. आधुनिक चित्रपट मात्र त्याला त्याच्या स्वतःच्या आयुष्यात मुका करतो आणि अखेरीस दोन शब्द उच्चारायला लावून बरा करतो. माध्यमाची अवस्था व्यक्तीची व्याधी झाली. त्याच चित्रपटाच्या उत्कर्षबिंदूला हिचकॉकच्या ‘व्हर्टिगो’ (१९५८) चे बर्नार्ड हेरमन याने दिलेले संगीत वापरले आहे, म्हणजे मूकपटाची स्मृती म्हणून जे ऐकू येते ते बोलपटाच्या ऐन भरातील आहे. या गोष्टी दोष म्हणून मोजण्याचे कारण नाही. आधुनिक चित्रपटातील मूकपट हा बोलपटाने स्वतःच्या बालपणाविषयी सांगितलेली कथा आहे, याची साक्ष त्या देतात. सांगणारा आज प्रौढ आहे आणि त्याला आपले बालपण निःशब्द व निष्पाप असल्याचे आठवते.

५

युरोप-अमेरिकेत अशी कथा रचता येते, कारण तेथे तिला छेद देणारी मूळ चित्रेही पुष्कळ उरली आहेत. तेथेही मूकपटांचा मोठा भाग नष्ट झाला. तरीही चॅप्लिन, कीटन, मुर्नाऊ, आयझेनश्टाइन यांचे चित्रपट पाहता येतात आणि ‘द आर्टिस्ट’शी ताडून पाहता येतात. भारतात ही तुलना जवळजवळ अशक्य आहे. १९१२ ते १९३४ या काळात येथे सुमारे तेराशे मूकपट निर्माण झाले. त्यांतील पूर्ण वा अपूर्ण स्वरूपात उरलेल्यांची संख्या तिसाच्या आतबाहेर आहे. फिती उष्ण-दमट हवेत सडल्या, जळाल्या किंवा त्यांतील चांदी काढून घेण्यासाठी विकल्या गेल्या. फेब्रुवारी १९६४ मध्ये पुणे येथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले तोवर ‘आलम आरा’लाही तीन दशके उलटून गेली होती. पी. के. नायर यांनी फाळके कुटुंबीयांकडून मिळवलेल्या तुकड्यांतून ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भाग वाचला, पण तो १९१३ च्या मूळ चित्रपटाचा की १९१७ मध्ये पुन्हा केलेल्या आवृत्तीचा, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात नायट्रेट फितींच्या साठवणघराला लागलेल्या आगीने उरल्यासुरल्यातही घट केली.

कोल्हापूरच्या बाबुराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ (१९२५) चे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. नारायण हरी आपटे यांच्या कथेवरील आणि तरुण व्ही. शांताराम यांची भूमिका असलेला हा चित्रपट भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभबिंदू म्हणून प्रत्येक इतिहासात नोंदला जातो. तो आज उपलब्ध नाही. त्याची थोरवी सांगताना जे. बी. एच. वाडिया यांची एक आठवण नेहमी उद्‌धृत होते : अंधूक प्रकाशातील उदास झोपडी आणि कुत्र्याचे विव्हळणे. वाडियांनी मात्र तेथेच स्पष्ट केले आहे की, मूळ मूकपट त्यांना पुसटसाच स्मरतो. पेंटरांच्या प्रतिभेची खरी जाणीव त्यांना त्याच कथेवरील बोलपट पाहून झाली. पेंटरांनी तो १९३६ मध्ये केला होता. विव्हळणे ऐकू येते ते त्या बोलपटात. मराठी मूकपटाची सर्वांत प्रभावी प्रतिमा म्हणून जी सांगितली जाते तिच्यात एक आवाज आहे, आणि तो नंतरचा आहे. न पाहिलेल्या कलाकृतीविषयी समीक्षा किती निःशंकपणे बोलू शकते, याचे हे उदाहरण सावध करणारे आहे.

मूळ चित्र नसल्याचे दोन परिणाम संभवतात आणि दोन्ही भारतीय चित्रपटात दिसतात. एक, मूकपटाची स्मृती बाहेरून येते. राज कपूर यांच्या ‘आवारा’ (१९५१) आणि ‘श्री ४२०’ (१९५५) मधील भटक्याचे मूळ चॅप्लिनमध्ये आहे. साळुंके, दबके किंवा बाबुराव पेंटर यांच्या परंपरेतील एकही देहबोली बोलपटात अशी ओळखू येण्याजोगी उतरली नाही. हिमांशू राय आणि फ्रांझ ओस्टेन यांचे ‘शिराझ’ (१९२८) आणि ‘प्रपंच पाश’ (१९२९) चांगल्या स्थितीत टिकले ते परदेशी निर्मितिसंबंधांमुळे ब्रिटनमधील संग्रहात. एकविसाव्या शतकात नितीन सॉनी यांनी ‘प्रपंच पाश’ला आणि २०१७ मध्ये अनुष्का शंकर यांनी ‘शिराझ’ला नवे संगीत दिले तेव्हा त्यांचे पुनरागमन लंडनमधून झाले. म्हणजे भारतीय मूकपट म्हणून जगाला जे दिसते ते प्रामुख्याने युरोपीय प्रेक्षकासाठी योजलेले संस्थानी वैभव. नाशिक-कोल्हापूरच्या तंबूंतला चित्रपट त्यात नाही.

दुसरा परिणाम असा की, चित्राची जागा चरित्र घेते. परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) हा मराठीतील मूकपटाच्या स्मृतीचा सर्वांत यशस्वी आविष्कार. तो रंगीत आहे, बोलका आहे, खेळकर आहे. त्याने फाळक्यांच्या चित्रपटाचे अनुकरण केले नाही. त्या चित्रपटाच्या निर्मितीची धडपड, घरातील भांडी विकण्यापासून स्त्रीभूमिकेसाठी पुरुष शोधण्यापर्यंतची, त्याने विषय केली. कमल स्वरूप यांचा ‘रंगभूमी’ (२०१३) फाळक्यांच्या वाराणसीतील काळाचा आणि तेथे त्यांनी लिहिलेल्या नाटकाचा शोध घेतो. दोन्ही कलाकृतींच्या केंद्रस्थानी माणूस आहे. ‘द आर्टिस्ट’ एका उपलब्ध रूपाशी खेळतो; मराठी चित्रपटाला असे रूप हाताशी नसल्यामुळे तो रूपाच्या कर्त्याकडे वळतो. या वळणाला मर्यादा म्हणण्यापेक्षा प्रामाणिकपणा म्हणणे उचित ठरेल. जे पाहिलेले नाही त्याची नक्कल करण्याचे त्याने टाळले आणि जे कागदपत्रांतून व आठवणींतून कळते तेवढेच पडद्यावर आणले.

६

मूकपटाची मोहिनी टिकून का राहते या प्रश्नाला आता काहीसे उत्तर देता येईल. आवाज आणि रंग यांनी भरून गेलेल्या चित्रपटाला अभावाची गरज भासते, हे त्याचे सौंदर्यशास्त्रीय कारण. राय यांच्या मुलांपासून आदित्य विक्रम सेनगुप्ता यांच्या ‘आशा जाओर माझे’ (२०१४) मधील वेगवेगळ्या पाळ्यांत राबणाऱ्या, एकमेकांशी एक शब्दही न बोलणाऱ्या दांपत्यापर्यंत, या अभावातून नवा अर्थ उगवत राहिला आहे. या दांपत्याच्या चित्रपटात कृष्णधवल रंगसंगती नाही आणि अक्षरपाट्याही नाहीत. मूकपटाचा खरा वारसा त्याच्या बाह्य चिन्हांपेक्षा तो प्रेक्षकावर जी जबाबदारी टाकत असे तिच्यात आहे, हे अशा कलाकृतींवरून दिसते. हरिश्चंद्राचे वचन प्रेक्षकाने स्वतः पुरवायचे होते. या दांपत्याचे बोलणेही त्यानेच पुरवायचे आहे.

दुसरे कारण ऐतिहासिक आहे आणि समीक्षेचा संबंध मुख्यतः त्याच्याशी पोचतो. हरवलेल्या वस्तूची मोहिनी वस्तूपेक्षा मोठी होते. कृष्णधवल, निःशब्द, किंचित धावरा असा जो मूकपट आधुनिक चित्रपटाने घडवला, तो स्वतंत्र कलारूप म्हणून आस्वाद्य आहे. पण त्याला १९१३ चे किंवा १९२५ चे वास्तव मानले की उरलेल्या मोजक्या फितीही त्याच चष्म्यातून पाहिल्या जातात. ‘कालिया मर्दन’ (१९१९) मध्ये मंदाकिनी फाळके ही लहान मुलगी कृष्ण होऊन कॅमेऱ्याकडे पाहत एकामागून एक भाव चेहऱ्यावर आणते, तेव्हा आजच्या प्रेक्षकाला त्यात भाबडेपणा दिसतो. त्या काळच्या प्रेक्षागृहात हार्मोनियमच्या साथीत, ओळखीच्या आख्यानाच्या आधाराने, कोणीतरी मोठ्याने वाचत असलेल्या पाट्यांच्या गजबजाटात तोच चेहरा वेगळे काही बोलत असला पाहिजे. त्या चेहऱ्याभोवतालचा आवाज परत आणता येणार नाही. तो तेथे होता एवढे ध्यानात ठेवून फीत पाहणे मात्र शक्य आहे, आणि जेथे मूळ चित्रेच एवढी थोडी उरली आहेत तेथे अशा पाहण्याचे मोल संग्रहाइतकेच आहे.